पाय नीरजाचे

१० सप्टेंबर, बुधवार

कल्पना म्हणते, तुमचं मराठी निम्मं कन्नड झालंय, रोज पानभर लिहीत जा, म्हणजे जरा ताळ्यावर येईल. तिचं माहेर पुण्याचं, तिला बोलायला काय जातं! आमचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. आम्ही ‘स्वल्प थांब’ म्हणतो आणि समोरचा थांबतो. पुरे आहे की.

पण आज लिहायला बसलोय ते मराठीसाठी नाही. बसवत नाहीये म्हणून. परवा सिनेमा लागतोय.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या हिंदी सिनेमाचं युनिट आमच्या बॅले कंपनीत तळ ठोकून होतं. ‘आमच्या’ म्हणजे अभिराज घाटगेच्या. राजाजीनगरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका जुन्या शेडचा वरचा मजला, एका भिंतीला आरसे, उरलेल्या तिन्ही भिंतींना हातानं धरायच्या दांड्या, कोपऱ्यात पियानो. तो पियानो मी फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून वाजवतो. रोज सकाळी पोरं दांडी धरून सराव करतात आणि मी त्यांच्या पायांना सूर पुरवतो. नीरजानंच मला तिथे नेलं. ती माझ्या बहिणीची मुलगी. धारवाडहून कॉलेजला म्हणून मल्लेश्वरमला आमच्याकडे आली आणि वरच्या खोलीत राहिली ती राहिलीच. आता तेहतीस वर्षांची आहे. कंपनीत सगळ्यांत मोठी, आणि सगळ्यांत चांगली.

सिनेमातल्या हिरॉइनला पंजांच्या टोकावर उभं राहता येईना, म्हणून पाय सगळे नीरजाचे घेतले. आणि हात माझे! अख्खी एक दुपार कॅमेरा माझ्या बोटांवर होता. कल्पना सगळीकडे सांगत सुटलीय की हे आठवडाभर नखं कापतायत.

नीरजाला मात्र उत्साह दिसत नाही. विचारलं तर म्हणते, “बघू की मामा.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर जाते. मोबाईल बघत जिने चढायची सवय लागलीय आजकालच्या मुलांना.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नाव लिहायचीही इच्छा नाही त्या सिनेमाचं.

मॉलमध्ये आमची एक अख्खी रांग होती. पहिल्याच प्रसंगात कंपनीचा डायरेक्टर आरशावर खुर्ची फेकतो. पुढे अडीच तास तो ओरडतोच आहे. पोरी एकमेकींच्या बुटांत काचा टाकतात. एक उपाशी राहून चक्कर येऊन पडते, तर बाकीच्या तिच्याकडे बघून हसतात. कुणी कुणाशी साधं बोलत नाही. कुणी जेवत नाही. बुटांच्या फिती कुणी शिवत नाही! आमच्याकडे दिवसातला निम्मा वेळ पोरं जमिनीवर फतकल मारून सुई-दोरा घेऊन बसलेली असतात, पंख्याच्या रेग्युलेटरवरून भांडतात, एकमेकांचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, पळवतात. युनिटच्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यात बसून चित्रान्न खाल्लंही होतं.

आणि माझे हात? पियानोवर कुणाची तरी लांबसडक, कोवळी बोटं. ती माझी नव्हेत. आवाज तर पियानोचाही नाही, व्हायोलिनं घातलीयत. कल्पनानं अंधारात माझ्या मनगटावर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला, झटकला नाही.

शेवटी हिरॉइनचा पाय मोडतो आणि मोडक्या पायानं ती सगळा नाच पुरा करते. तो नाच नीरजाचा. काय पाय आहेत पोरीचे! पण पडद्यावर ते एका दमात दिसतं. शूटिंगला तेवढ्यालाच चार-पाच दिवस गेले होते. दोन-तीन गिरक्या झाल्या की ‘कट’, की नीरजा खुर्चीत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. उन्हाळ्याचे दिवस, पिशवी घेऊन बरं वाटत असेल.

नावं वर सरकायला लागली तसे आम्ही सगळे उभे राहिलो. झाडूवाले आत आले तरी उभेच. स्पॉटबॉयची नावं गेली, गाड्यावाल्यांची गेली. नीरजाचं आलंच नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. तीच म्हणाली, “चला, मला भूक लागलीय.”

मग दर्शिनीत उभ्याउभ्या डोसे खाताना काय हसले सगळे! अभिराजनं त्या डायरेक्टरची नक्कल केली. एरवी इतका हळू बोलणारा माणूस, ताटली उगारून गरजला, “रक्त आलं तरी थांबायचं नाही!” पलीकडचा माणूस दचकून कॉफीसकट मागे सरला. नीरजाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

झोप नाही. त्या दुपारी मी वाईट वाजवलं होतं का? की हात म्हातारे दिसले?

२४ सप्टेंबर, बुधवार

नवल आहे. सिनेमा आम्हाला कुणालाच आवडला नाही, पेपरवाल्यांनीही झोडला, पण आमचा फोन थांबत नाही. शूटिंग इथे झालं हे कुणीतरी टाकलं इंटरनेटवर. आईबाप पोरींना घेऊन येतायत. येलहंकाहून एक बाई दोन बस बदलून आल्या. अर्धा तास सराव बघून अभिराजला म्हणाल्या, “सर, तुम्ही रागवत नाही का? सिनेमात तर फार स्ट्रिक्ट होते.” अभिराजनं हे आम्हाला हसत हसत सांगितलं. त्या बाई परत आल्या नाहीत.

नव्यांमध्ये आश्लेषा म्हणून एक आहे, सोळा वर्षांची, जितकी काटक तितकीच हट्टी. आल्या आल्या तिनं नीरजाला विचारलं, “अक्का, तुम्हीच का ते पाय?” नीरजा म्हणाली, “हो, पायच.”

९ ऑक्टोबर, गुरुवार

डिसेंबरात मोठा कार्यक्रम करायचं ठरलं. तिकिटं लावून, मोठ्या थिएटरात. आणि शेवटी तो सिनेमातला नाच.

अभिराज सगळ्यांसमोर म्हणाला, “लोक तोच बघायला येणार. नीरजा, तू करशील?”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती “करते” म्हणाली.

मी पियानोवरून म्हटलं, “अभिराज, तो एका दमातला नाच नव्हे. तुकडे जोडलेत. आपण इथेच होतो ना?”

“लोक इथे नव्हते, हयवदनराव,” तो म्हणाला. “त्यांना ते एका दमातलंच माहीत आहे.”

लय सिनेमातली हवी म्हणे. वाजवून बघितली. माझीच बोटं अडखळली. सरावाने येईल.

२६ ऑक्टोबर, रविवार

कल्पनाशी भांडण. सुरुवात उपम्यात मीठ कमी असण्यापासून झाली, शेवट नीरजाच्या गुडघ्यावर.

“अहो, तुम्ही रोज तिच्या समोर बसता. तुम्हाला दिसत नाही?”

“नाचणाऱ्यांचं काहीतरी दुखतच असतं. मला काय विचारतेस?”

“ती आता जमिनीवर बसत नाही. पाट दिला तर नको म्हणते, खुर्चीवर ताट घेते. कमोड शोधते. जिना चढताना कठडा धरते. पोरगी तेहतीस वर्षांची आहे, माझ्या सासूबाई अशा चढायच्या.”

मी म्हटलं, ती मोबाईल बघते. कल्पना माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उठून बाहेर गेलो आणि उगाच मार्गोसा रोडपर्यंत चालून आलो.

संध्याकाळी नीरजाला विचारलं. म्हणाली, “स्वल्प दुखतं मामा. सरी होईल.”

ठीक होईल म्हणतेय, ऐकून बरं वाटलं. कल्पनाला तसं सांगितलं, तर ती विळी पुढे ओढून भाजी चिरायला लागली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हॉल बदललाय. काय बदललं ते नेमकं सांगता येत नाही. चित्रान्नाचे डबे आता पिशवीतच राहतात. आश्लेषा चार दिवस जेवलीच नव्हती. नीरजानं तिला जिन्यात बसवून दहीभात भरवला. तर ती म्हणे, “अक्का, सर ओरडले माझ्यावर आज,” आणि चेहरा असा की बक्षीस मिळालंय.

अभिराज ओरडतो हल्ली. आधी थोडा लाजत ओरडायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज अक्षर वाकडं येतंय.

शेवटच्या नाचाची तालीम होती. नवी पोरं, काहींचे आईबाप, सगळे भिंतीला लागून उभे. मी त्या भयंकर लयीत वाजवत होतो. गिरक्या सुरू झाल्या. तिसऱ्या की चौथ्या गिरकीला नीरजाचा पाय आतल्या बाजूला दुमडला, आणि ती खाली आली. आवाज झाला नाही, ते जास्त वाईट होतं. ती हातांवर उठली. चेहरा पांढराफटक.

अभिराज म्हणाला, “पुन्हा.”

ती उभी राहिली. मी सुरुवात केली. ती पुन्हा खाली आली.

“पुन्हा. रक्त आलं तरी थांबायचं नाही.”

मी वाट बघत होतो की कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. भिंतीला टेकलेल्या एका बापानं फोन वर धरला होता.

मी पट्ट्यांवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“हयवदनराव?”

“मी वाजवणार नाही.”

आयुष्यात असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. फॅक्टरीत पस्तीस वर्षं प्रत्येक कागदावर सही केली. मला वाटलं, आता सगळं थांबेल. पियानोशिवाय काय करणार?

अभिराजनं खिशातून फोन काढला, स्पीकरला जोडला, आणि सिनेमातली ती व्हायोलिनं लावली. आणि नीरजा त्यावर नाचायला लागली. माझ्याकडे न बघता.

मी डबा घेऊन जिना उतरलो. बस आली, सोडली. दुसरी सोडली. चालत घरी आलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नीरजा सकाळी खाली आली. मला वाटलं, मामाला धन्यवाद वगैरे देईल. ती दारातच उभी राहिली.

“मामा, काल तू मला विचारलं होतंस?”

“काय विचारायचं? तू पडत होतीस.”

“मी पडत होते. मी. थांबायचं की नाही ते मी सांगितलं असतं. तू थांबलास तेव्हा सगळ्यांसमोर ठरून गेलं की मला जमत नाही.”

कल्पना ओट्याशी उभी होती. गॅस बंद केला तिनं.

मग नीरजानं सांगितलं. ऑगस्टमध्येच डॉक्टरला दाखवलंय. गुडघ्यातली गादी फाटलीय, ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर टोकावर उभं राहायचं नाही. शूटिंगच्याच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कट्कन झालं होतं.

“तेव्हा का नाही बोललीस?” मी विचारलं.

“बोलले होते. तू पियानोवर होतास. म्हटलं, मामा, आज दुखतंय. तू म्हणालास, थांब, ते माझ्या हातांचा क्लोजअप घेतायत.”

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी असं म्हटलं असेन.

“हा शेवटचा आहे,” ती म्हणाली. “सबंध हिंदुस्थानानं माझे पाय पाहिले आणि वर तोंड भलतीचंच. एकदा मला तो माझ्या तोंडानं नाचायचाय. नंतर जे व्हायचं ते होवो. तू वाजवणार नसशील तर मी फोनवर नाचेन.”

ती गेल्यावर मी कल्पनाला म्हटलं, तूच सांग तिला, तुझं ऐकेल. कल्पना म्हणाली, “मी ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेले होते. सांगून झालंय माझं.”

म्हणजे या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन आठवडे गेलोच नाही. घरात येरझारा. कल्पना म्हणाली, तुम्ही एक तर बसा नाही तर बाहेर जा, फरशी झिजेल.

आज नीरजाला म्हटलं, हॉलची किल्ली आहे ना तुझ्याकडे? चल.

रविवार, इस्टेट सगळी बंद. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी म्हटलं, “शूटिंगला जसं केलंस तसं कर. तुकड्यातुकड्यात. दम लागला की थांब. मध्ये मी वाजवेन.”

“स्टेजवर थांबू? नुसती उभी?”

“नुसती उभी. मी आहे ना.”

तिला आधी ते पटेना. मग करून बघितलं. ती तीन गिरक्या घेई आणि थांबे, आणि मी लय सोडून अगदी सावकाश काहीतरी वाजवी, तिचा श्वास खाली बसेपर्यंत. मग ती मान हलवी. मला प्रथमच तिच्याकडे बघत वाजवावं लागलं. इतकी वर्षं मी पट्ट्यांकडे बघून वाजवत होतो.

मध्येच लक्षात आलं, दारात अभिराज उभा आहे. कधी आला कुणास ठाऊक. नाच संपल्यावर आत आला, बूट काढून जमिनीवर बसला.

“हे लोकांना आवडणार नाही,” तो म्हणाला. ओरडला नाही.

“नाही आवडणार,” नीरजा म्हणाली.

तो काढलेले बूट एका रेषेत लावत बसला. मग मला म्हणाला, “पंधरा वर्षं हळू आवाजात शिकवलं, हयवदनराव. बोटांवर मोजण्याइतकी पोरं यायची. ओरडायला लागलो, तर आता जिन्यात चपला ठेवायला जागा नाही. तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं?”

मी पियानोचं झाकण लावलं. 

जाताना तो नीरजाला म्हणाला, “असंच कर. जाहिरातीत मी काही बदलणार नाही.”

१४ डिसेंबर, रविवार

झालं. ती स्वतःच्या पायांनी टॅक्सीत चढली. बाकी उद्या.

१५ डिसेंबर, सोमवार

थिएटर भरलेलं होतं. शेवटच्या नाचाला पडदा उघडला आणि लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या, सिनेमा आठवून.

पहिला तुकडा छान गेला. मग नीरजा मधोमध थांबली. हात खाली, छाती वरखाली होतेय, नजर सरळ लोकांवर. मी सावकाश वाजवायला लागलो. कुणी खोकलं. पुढच्या रांगेत फोनचा उजेड पडला. मला वाटलं, संपलं, आता हे उठून जाणार. घामानं बोटं पट्ट्यांवरून घसरत होती. तिनं मान हलवली, आणि पुढे निघालो.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिचा उजवा पाय थरथरताना मला पियानोवरून दिसत होता. लोकांनाही दिसत असणार. ती लपवत नव्हती. कुणी खोकलं नाही मग. शेवटच्या गिरक्या सिनेमापेक्षा कितीतरी कमी झाल्या, आणि ती टोकावरून अगदी हळू, जसं कुणी झोपलेलं मूल खाली ठेवतं तशी, टाचांवर आली.

टाळ्या बऱ्या होत्या. उभं कुणी राहिलं नाही. मागच्या रांगेतून आश्लेषा तेवढी ओरडली, “अक्का!” आणि लगेच तोंडावर हात ठेवून बसली.

बाहेर जिन्यावर गर्दी. नीरजा शाल गुंडाळून माझ्या खांद्याचा आधार घेत उतरत होती. आमच्या पुढे एक बाई मुलीला म्हणाली, “सिनेमादल्ली चन्नागित्तु.” सिनेमात छान होतं.

मी नीरजाकडे बघितलं. ती एकाएकी हसायला लागली. इतकी, की पायरीवर बसली. “मामी, ऐकलंस? सिनेमातली बाई जास्त चांगली नाचते म्हणे!” कल्पनाही हसायला लागली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि हसतायत की रडतायत ते मला कळेना. लोक आमच्या बाजूनं वाट काढून जात होते. मी शालीचं टोक पायरीवरून उचलून धरलं.

८ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, चालेल, जिने चढेल, जमिनीवर बसायला वेळ लागेल. नाचाचं आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

अभिराज काल येऊन गेला. नव्या मुलींचा वर्ग नीरजानं घ्यावा म्हणतो. ती म्हणाली, विचार करते, पण घेतला तर मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडायचे. तो म्हणाला, बरं. मी सोमवारपासून पुन्हा वाजवायला जाणार आहे. तो ओरडला तर काय करायचं, ते तेव्हा बघू. या वेळी आधी पोरींना विचारेन.

आज दुपारी मी फळं घेऊन गेलो, तर सिस्टर तिच्या पलंगाशी उभी, आणि दोघी मोबाईलमध्ये डोकं घालून. तो सिनेमा आता फोनवर आलाय. शेवटचा नाच चालला होता.

सिस्टर कन्नडमध्ये म्हणाली, “हे तुम्ही? पण ही तर ती हिरॉइन.”

नीरजानं चित्र थांबवलं नाही. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर हाताचा तळवा ठेवला. खाली नुसते पाय गिरक्या घेत राहिले.

“ही मी,” ती म्हणाली.

सिस्टर वाकून बघत राहिली. मग चादरीखालच्या बँडेज गुंडाळलेल्या पायाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. पलीकडच्या पलंगावरून कुणीतरी हाक मारत होतं, तरी गेली नाही. नाच संपला तसं तिनं नीरजाला म्हटलं, “हात तसाच ठेवा. पुन्हा लावा.”